शांत खोली

रसचर्चेत शांतरसापाशी आलो की आम्ही दोघेही थोडे अडखळतो. मराठीचे अध्यापन करून वीस वर्षे होत आली. पण ‘शांत’ या शब्दाचा अर्थ आम्हाला आमच्या मुलाने शिकवला, आणि तोही जानेफळच्या धाब्याच्या घरात.

मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून खाटेखाली शिरे. सदऱ्याच्या कॉलरमागची पट्टी त्याला बोचे. आम्ही त्याला हट्टी समजत होतो. शहरातल्या एका दवाखान्यात नेले, तर बाहेरच्या दालनात टीव्ही मोठ्याने सुरू, ट्यूबलाइटची गुणगुण, फिनाइलचा उग्र दर्प, भिंतींवर भडक चित्रे. मुले रमावीत म्हणून केलेली ती सजावट! तपासणीपूर्वीच तो ओरडून थकला आणि कागदावर नोंद झाली, ‘सहकार्य करत नाही’. घरी येऊन आम्हीही त्याला रागावलो. ती खंत अजून जात नाही.

त्या दिवाळीत जानेफळला गेलो. फटाके सुरू होताच तो माजघरात कोठीमागे जाऊन बसला. जाड मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, एकच झरोका. आम्ही हाका मारू लागलो तशी आई म्हणाली, “त्याले राहू द्या तसंच. आवाज देऊ नोका.” अर्ध्या तासाने तो आपणहून बाहेर आला आणि तिच्या मांडीला टेकला.

पुढे निदान झाले: स्वमग्नता. आवाज, स्पर्श, प्रकाश यांची अतितीव्र वा मंद जाणीव हे तिच्या लक्षणांपैकी एक, असे मानसविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने २०१३ साली नोंदले. व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी मात्र संवेदनांची जुळणी आणि शिकण्यातील अडचणी यांवर १९७२ मध्येच ग्रंथ लिहिला होता. त्याच दशकात नेदरलँड्समध्ये मंद प्रकाशाच्या, मऊ बैठकीच्या ‘स्नूझेलेन’ खोल्या निघाल्या. आपल्याकडे २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आली. पण मुलाला आपल्या जागी आणण्यापेक्षा आपण त्याच्या अंगणात जावे, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला कितीतरी आधी ओळखले होते.

कलकलाट, खणखणाट, कुजबुज; खरखरीत, बोचरे, मऊसूत; खमंग, कुबट, उग्र. इतक्या छटा ओळखणारी भाषा आम्ही शिकवतो. यांतले तुला काय सोसत नाही, हे घरच्या मुलाला विचारायचे मात्र सुचले नाही.

माजघर म्हणजे उपचार नव्हे. मुलाला व्यवसायोपचार लागले, वाचोपचार लागले. सगळ्यांना अंधार मानवतो असेही नाही. एखाद्याला झोकाच हवा असतो. पण उपचार सुरू होण्यासाठी मूल आधी खोलीत टिकले पाहिजे. त्याला फार पैसा लागत नाही. टीव्ही बंद, खिडकीला जाड पडदा, जमिनीवर गोधडी, एका वेळी एकच कुटुंब, आणि नको वाटले तर उठून जाण्याची मुभा.

यंदा तासाला पंख्याची खरखर सुरू होताच एका विद्यार्थ्याने कान झाकले. पूर्वी आम्ही त्याला हटकले असते. पंखा बंद केला आणि तास पुढे चालवला.