ट्यूबची मागची बाजू

चि. ऋतुजा,

तुझा मेसेज आणि सोबतचा फोटो पाहिला. रूममेटला या क्रीमनं आठ दिवसांत फरक पडला, त्यात व्हिटॅमिन ए आहे, मीही लावू का, असं तू विचारलं आहेस. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

उत्तर आधी देते. ही ट्यूब लावू नकोस. तू पुढच्या बाजूचा फोटो काढलास. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तीन नावं सापडतील. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यांतलं व्हिटॅमिन एच्या घराण्यातलं फक्त ट्रेटिनॉइन. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे आणि आठ दिवसांत दिसलेली ती झळाळी त्याचीच. ते सूज, लाली दाबून टाकतं, रक्तवाहिन्या आकसवतं आणि चेहरा उजळल्यासारखा वाटतो. ट्रेटिनॉइन आठवड्यात कुणालाही गोरं करत नाही. उलट पहिले काही आठवडे त्यानं कातडी लाल होते, पापुद्रे सुटतात, कधी मुरुमही वाढतात. व्हिटॅमिन एच्या नावानं कुणी आठवड्यात चमत्कार सांगत असेल, तर ट्यूब उलटी करून वाचायची.

हे मिश्रण मुळात कुणी वाईट हेतूनं बनवलेलं नाही. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी सहकाऱ्यासह 1975 साली काळ्या डागांसाठी अशा तीन औषधांचं सूत्र मांडलं. मुरुमांवर ट्रेटिनॉइन वापरात आणण्यातही त्यांचाच वाटा मोठा. 1971 मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. त्यांचे अनेक त्वचाप्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर झाले, हेही त्यांच्या नावासोबत सांगितलंच पाहिजे. वांगावर तज्ज्ञ आजही असं मिश्रण देतात, पण काही आठवड्यांपुरतं आणि नजरेखाली. आपल्याकडे मात्र ते गोरेपणाचं क्रीम म्हणून हातोहात खपत राहिलं.

मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून मी त्याचे परिणाम रोज बघते. एखादी बाई पर्स उघडते, रुमालात गुंडाळलेली, शेवटचा थेंब काढण्यासाठी कात्रीनं कापलेली ट्यूब पुढे करते आणि म्हणते, "हीच द्या." गाल तांबडेलाल, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, हनुवटीला नको ती लव. दोन दिवस लावलं नाही तर आग होते, म्हणून ती पुन्हा तेच लावते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आहे आणि त्यांची संघटना त्याविरुद्ध सतत लढते आहे. 2018 साली सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. तरी ती मिळतात, आणि आमच्या व्यवसायातल्या माणसांनी याची जबाबदारी घेतली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तुझी रूममेट ते बरेच महिने लावत असेल तर तिला एकदम बंद करायला सांगू नकोस. त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा, ते कसं सोडवायचं हे ते ठरवतील.

आता तुझ्याबद्दल. तुला मुरुम येतात आणि गेल्यावर काळे डाग राहतात. यासाठी व्हिटॅमिन एची औषधं खरोखर चांगली आहेत. ती त्वचेच्या छिद्रांत मृत पेशींचा बूच बसू देत नाहीत, आणि मुरुम तिथूनच सुरू होतो. गाजरं जरूर खा, पण ती पोटात जाऊन हे काम करणार नाहीत. व्हिटॅमिन एच्या गोळ्या तर मनानं मुळीच घेऊ नकोस, जास्त झाल्या की यकृताला त्रास होतो.

दुकानात रेटिनॉलची महागडी सीरम दिसतील. रेटिनॉल त्वचेत गेल्यावर आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनोइक ॲसिड होतं, तेव्हा कुठे त्याचं काम सुरू होतं. ट्रेटिनॉइन म्हणजे थेट रेटिनोइक ॲसिडच. म्हणून ते जोरकस आणि रेटिनॉल सौम्य. सुरकुत्यांची काळजी असलेल्या तुझ्या आईनं रेटिनॉल वापरलं तर ठीक आहे. तेही कमी प्रमाणाचं. युरोपात चेहऱ्याच्या क्रीमसाठी 0.3 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तेव्हा मोठे आकडे पाहून भुलायचं कारण नाही. तुझ्यासाठी मी याच घराण्यातलं ॲडापलीन 0.1 टक्के जेल सुचवेन. मुरुमांवर ते उत्तम चालतं, ट्रेटिनॉइनपेक्षा कमी झोंबतं, उजेडात सहजी बिघडत नाही. अमेरिकेत 2016 पासून ते चिठ्ठीशिवाय मिळतं. तू मात्र डॉक्टरांना दाखवूनच घे.

लावायची पद्धत नीट वाच, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं. रात्री साध्या सौम्य फेसवॉशनं चेहरा धुऊन टिपून घे आणि वीसेक मिनिटं पूर्ण कोरडा होऊ दे. ओलसर कातडीवर जास्त चुरचुरतं. मग वाटाण्याच्या दाण्याएवढं जेल बोटावर घे. एवढंच, पूर्ण चेहऱ्याला. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन हलक्या हातानं पसरव. फक्त मुरुमावर थापायचं नाही. पापण्या, ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या कडा सोड. वर साधं मॉइश्चरायझर. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्रीच. त्रास झाला नाही तर दिवसाआड, मग रोज. फार कोरडं पडलं तर आधी मॉइश्चरायझर, मग जेल, पुन्हा मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन हवंच, ढगाळ दिवशीही. त्या काळात स्क्रब, लिंबू, टूथपेस्ट असले प्रयोग बंद.

सावकाशीवर इतका भर देण्याचं कारण आपला वर्ण आहे. गोऱ्या कातडीवरची जळजळ लाल होऊन जाते. आपल्या सावळ्या कातडीवर ती काळा डाग ठेवून जाते. म्हणजे डाग जाण्यासाठी भराभर औषध थापलं तर त्या भाजण्यानंच नवे डाग पडतात. थोडी कोरड, थोडे पापुद्रे चालतील. आग, सूज, पाणी सुटणं हे चालणार नाही. तसं झालं तर थांब आणि दाखव. मुरुमांत फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, डागांना त्याहून जास्त. तुझं लग्न वैशाखात, आत्ता कार्तिक चालू आहे, वेळ भरपूर आहे. वॅक्सिंग, थ्रेडिंगच्या आधी आठवडाभर जेल बंद ठेव, नाहीतर केसांबरोबर कातडी सोलवटते. हळदीच्या आधीही तसंच. घोळक्यातल्या बायका उटणं किती जोरात चोळतात हे तू पाहिलेलं आहेस.

सगळ्यात महत्त्वाचं आता लिहिते. मुरुम फार असले तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवतात. औषध गुणकारी आहे, पण ते चालू असताना दिवस गेले तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते. लावायची औषधं रक्तात फार थोडी उतरतात, तरीही गरोदरपणात ती देत नाहीत, आणि मूल हवं असेल तेव्हा आधीच थांबवतात. लग्नानंतर सासरी-माहेरी गोड बातमीची घाई सगळ्यांना असेल. तुझ्या ट्यूबबद्दल त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नसेल.

पार्लरमधल्या स्किन एक्स्पर्टकडे जाऊ नकोस. त्वचारोगात एम.डी. किंवा डी.व्ही.डी. केलेले डॉक्टर शोध, आणि त्यांना लग्नाची तारीख व मुलाबाबतचा तुमचा दोघांचा बेत स्वतःहून सांग. ते विचारतील याची वाट पाहू नकोस.

तुझी,
मावशी