सोडायचाय तर धरायचा कशाला?

गेल्या जूनमध्ये मी मामाला एक लेक्चर दिलं होतं. कोंडाण्यात, भर पावसात, गुडघाभर पाण्यात उभं राहून. या मे महिन्यात त्याने ते मला व्याजासकट परत केलं. त्याचीच ही गोष्ट.

कोंडाणे म्हणजे कर्जतजवळचं, राजमाचीच्या पायथ्याचं गाव. ट्रेकवाल्यांना तिथली लेणी माहीत असतात, माझं ते आजोळ. उल्हास नदी इथे अगदी लहान पोर आहे, एप्रिल-मेमध्ये तर दगडच जास्त. पण पहिला मोठा पाऊस झाला की ओहोळ भरतात, शेतात पाणी चढतं आणि नदीतले मासे उलट्या प्रवाहाने वर येतात. अंडी घालायला. याला म्हणतात वळगण. त्या रात्री अख्खं गाव टॉर्च, पाग आणि कोयते घेऊन शेतात. मळ्या, शिवडा, मरळ, जे दिसेल ते. आणि बहुतेक माशांच्या पोटात गाबोळी.

तर मी म्हणालो होतो, "मामा, अंडी घालायच्या आधीच मारलेत तर पुढच्या वर्षी मासे येणार कुठून?" मामा म्हणाला, "जेवून जा." विषय संपला.

आता माझ्याबद्दल. ऑफिसात कुणी मॅरेथॉन पळतं, कुणी सायकल चालवतं, मी तीन वर्षांपासून लूरने मासे धरतो. लूर म्हणजे खोटा मासा. त्यात मला आवडतो तो पॉपर, पाण्यावर तरंगणारा. त्याचं तोंड वाटीसारखं खोलगट असतं. रॉडला झटका दिला की 'पचक्' करून पाणी उडतं आणि खालच्या शिकारी माशाला वाटतं, एखादी जखमी बोय तडफडतेय. उन्हाळा यासाठी उत्तम. पावसाआधीच्या दिवसांत पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं आणि पहाटे बोयींचे थवे काठाशी येतात. मासा आमिष घेतो ते खोल कुठेतरी नाही, तर तुमच्या डोळ्यांसमोर. ते एकदा पाहिलं की माणूस कामातून गेला!

मी पकडलेले मासे सोडून देतो, हे इथे नमूद करायला हवं. (मला त्याचा जरा अभिमानही होता.)

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मामाला घेऊन रेवदंड्याला गेलो. तिथे कुंडलिका नदी समुद्राला मिळते, पलीकडे कोर्लईचा किल्ला. वाटेत मामाने लूरची किंमत विचारली. आठशे रुपये. "प्लॅस्टिकच्या माशाला? एवढ्यात खरा नाही का येणार?" मी गाडीचा आरसा नीट केला.

उजाडताना भरती चढत होती. विसाव्या-पंचविसाव्या फेकीला पॉपरच्या मागे पाणी फुगलं आणि 'भॉप्' असा आवाज आला. इथे नवीन माणूस हमखास चुकतो. पाणी उडालेलं बघून लगेच रॉड ओढतो आणि माशाच्या तोंडातून लूर काढून घेतो. खरा नियम असा, की डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हाताला वजन लागेपर्यंत थांबायचं. (प्रॉडक्शनमध्ये अलर्ट वाजल्यावरही हाच नियम आहे, पण तिथे मला तो कधी जमलेला नाही.) थांबलो. वजन लागलं. दहा-बारा मिनिटांनी खडकाशी आला तो जिताडा होता, साडेसात किलोचा!

आणि तिथेच सगळं बिघडलं. पॉपरला दोन ट्रेबल हुक असतात, म्हणजे तीन-तीन टोकांचे दोन गळ. एक जबड्यात होता, दुसरा कल्ल्यात. तो काढला तसं रक्त यायला लागलं. मी मासा पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे करून, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. सोडला की आडवा व्हायचा. पुन्हा धरला. पुन्हा आडवा. चौथ्यांदा पोट वर आलं.

मामा इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सोडायचाय तर धरायचा कशाला रे?" टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी घाईघाईने माहिती द्यायला लागलो. की जिताडे लहानपणी बहुतेक सगळे नर असतात, वाढले की मादी होतात. ते खाडीत, नदीत मोठे होतात आणि अंडी घालायला पावसाच्या सुमारास नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात उतरतात. एका मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात, म्हणून मोठा मासा सोडायचाच...

"म्हणजे ही वळगणच की," मामा म्हणाला. "आमची वर चढते, तुझी खाली उतरते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बर्फ घेतला आणि मासा कोंडाण्याला आणला. मामीने पोट फाडलं तर आत गाबोळीच्या दोन लांबट पिशव्या. पूर्ण भरलेल्या नव्हत्या, पण होत्या. कालवण उत्तम झालं होतं. मला दुसरा घास जड गेला.

रात्री अंगणात मामा आपणहून बोलला. वळगणीला मासे आता कमी येतात, हे त्यालाही दिसतंय. पण त्याच्या मते दोष एकट्या कोयत्याचा नाही. फार्महाऊसवाल्यांनी ओहोळांवर कंपाउंड घातली, मासा चढणार कुठून? मी काय बोलणार? अशाच एका फार्महाऊसवर आमच्या टीमची दर पावसाळ्यात पार्टी असते.

तिथून परत आल्यावर मी विचार करत होतो, की फरक नेमका कुठे आहे. मासे धरण्यात नाही, धरावेत. फरक हत्यारात आहे. पागेत आलेला मासा बघून, निवडून सोडता येतो. कोयत्याने मारलेला येत नाही. माझे ट्रेबल हुक म्हणजे आठशे रुपयांचा कोयताच होता. ज्याला अनडू नाही, ते बटण सोडून देण्याच्या बाता मारणाऱ्याने वापरूच नये.

सगळ्या लूरचे ट्रेबल काढलेत. आता एकेरी गळ, तोही टोकाचा उलटा काटा पकडीने चेपून. मासे जास्त निसटतात, निसटू देत. आणि मे महिन्यापासून पाऊस संपेपर्यंत खाडीच्या मुखाशी जिताड्यासाठी लूर टाकणार नाही.

मामाला फोनवर हे सांगितलं. म्हटलं, मी माझा कोयता टाकला, आता तू तुझा घरी ठेव, फक्त पाग घे, गाबोळीवाल्या निवडून सोडू.

"बघू," म्हणाला. मग जरा थांबून, "पहिला पाऊस झाला की फोन करतो. टॉर्च धरायला ये."

जाणार आहे. लेक्चर देणार नाही.