स्थानिक कोण?

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहाव्यात, असे संस्थेने कळविले. आठवणी पुष्कळ आहेत; परंतु गेली दोन वर्षे एकच आठवण मनाला टोचते आहे. तीच लिहितो.

मी मूळचा उदगीर तालुक्यातला. तीस वर्षांपूर्वी निघोजे येथे आलो, तेव्हा गावाभोवती बाजरीची शेते होती. आज तेथे चाकण औद्योगिक वसाहतीचे कारखाने आहेत आणि कामगारांच्या खोल्यांच्या रांगा आहेत. लातूर, नांदेड, बिहार, कर्नाटक अशा अनेक मुलखांतून आलेली माणसे तेथे राहतात. त्यांचीच मुले आपल्या वसतिगृहात वाढतात.

पाचवीपासून वसतिगृहात राहिलेली एक विद्यार्थिनी दहावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. वडील भालकी तालुक्यातले, येथे कंत्राटी कामगार. मुलीचा जन्म इथलाच, त्यामुळे अधिवासाचा दाखला मिळाला. तंत्रनिकेतनाच्या प्रवेशासाठी जातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज केला, तेव्हा मात्र प्रश्न आला : १० ऑगस्ट १९५० रोजी आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते काय? पुरावा नव्हता. अर्ज नामंजूर झाला. एका दाखल्याने ती इथली ठरली, दुसऱ्याने परकी.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या तारखेचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी महाराष्ट्र राज्यच नव्हते. उदगीर आणि भालकी हे दोन्ही तालुके हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार रचना झाली. उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्यात आले आणि भालकी म्हैसूर राज्यात गेले. तिचे पणजोबा आणि माझे आजोबा त्या दिवशी एकाच जिल्ह्याचे रहिवासी होते. आमची जात दोन्ही राज्यांच्या यादीत आहे, धम्मही एकच. आजोबांच्या नावाच्या एका उर्दू उताऱ्यावर मला प्रमाणपत्र मिळाले व राखीव जागेवर नोकरी लागली. तिला मिळाले नाही.

संविधानाच्या ३४१व्या अनुच्छेदानुसार अनुसूचित जातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत. एका राज्याची सवलत स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले व पुढेही तेच कायम ठेवले. स्थलांतरितांसाठी कायदा बदलावा, असे आपण सहज म्हणतो. पण त्या बदलाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो.

जमीन वसाहतीत गेलेल्या शेतकरी पालकाला राज्याच्या धोरणातील ऐंशी टक्के स्थानिक नोकऱ्यांची अट प्रत्यक्षात पाळलेली हवी आहे. जमीन त्याने दिली. त्याची मागणी खोटी नाही. ठेकेदाराला नोंदणीची कटकट कमी हवी आहे. बिहारच्या मजुराला १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ऐकूनही ठाऊक नव्हता. गावच्या शिधापत्रिकेवर इथे धान्य मिळू लागले, तीच त्याची सुधारणा. आणि पालकसभेत आपल्याच समाजातील एक गृहस्थ मला म्हणाले, “गुरुजी, बाहेरच्यांना सवलत दिली तर आपल्या पोरांच्या जागा कमी होतील.” त्यांच्या मुलालाही त्याच वर्षी प्रवेश हवा होता. त्यांना मी काय उत्तर देणार होतो?

संविधान सभेत ३० नोव्हेंबर १९४८ रोजी नोकरीसाठी रहिवासाची अट असावी काय, यावर चर्चा झाली. चार दिवसांसाठी येऊन पद पटकावणाऱ्याला मोकळे रान असू नये, हे बाबासाहेबांना मान्य होते. परंतु ही अट घालण्याचा अधिकार राज्यांकडे न देता संसदेकडे ठेवावा, हेही त्यांनी पटवून दिले. स्थानिकाची भीती त्यांनी नाकारली नाही आणि परक्याला वाऱ्यावरही सोडले नाही. हा तोल आपल्याला सांभाळता आला पाहिजे.

जातीच्या याद्यांत बदल करण्याचा अधिकारही संसदेचाच आहे. याच राज्यात जन्मलेल्या आणि दहावीपर्यंत इथेच शिकलेल्या मुलांसाठी तरी मार्ग निघावा, अशी मागणी आपण करावी. मात्र त्यांच्यासाठी जागा वाढवून मागाव्यात, म्हणजे त्या गृहस्थांच्या मुलाचा घास जाणार नाही.

शेवटी स्वतःविषयी. त्या मुलीच्या दाखल्यावर जात मीच लिहिली होती. वडिलांनी कर्नाटकातून वेळेवर प्रमाणपत्र काढले असते, तर केंद्राच्या सवलती तरी तिला पुढे मिळाल्या असत्या. हे मला ठाऊक होते. पण आठवीत असताना सांगायचे ते मी दहावीनंतर सांगितले. ठेकेदाराकडून उचल घेऊन वडिलांनी खुल्या प्रवर्गाचे पूर्ण शुल्क भरले. ती शिकते आहे.

आता दर जूनमध्ये आठवीच्या वर्गात मी प्रत्येक पालकाला मूळ गाव, तालुका आणि आजोबांचे नाव विचारून वहीत लिहून घेतो आणि कोणते कागद कोठून आणायचे, ते तेव्हाच सांगतो. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकील झाले आहेत, कचेऱ्यांत आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार या कामाला द्यावा, एवढीच विनंती.

जय भीम.