शेवटच्या कडव्यातलं नाव

पुणे-नाशिक महामार्गावर संगमनेरजवळचं हिवरगाव पावसा आज टोलनाक्यामुळे लोकांना ठाऊक आहे. याच गावच्या पवळाबाई हिवरगावकर. जन्म 1870चा. खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलेली ही महार समाजातली मुलगी फडात उभी राहिली, त्या काळी तमाशात बाईची कामं नाच्या पोरं करत. तमाशातली पहिली स्त्री कलावंत असा त्यांचा मान. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्णींशी, म्हणजे शाहीर पठ्ठे बापूरावांशी, त्यांची जोडी जमली आणि मुंबईची थिएटरं भरू लागली. नुसतं पवळाला बघायला लोक तिकीट काढत, असं सांगतात. एखादं गाणं किती चाललं हे तेव्हा तिकीटबारीच सांगायची.

मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लावणी रंगते कशी ते आठवा. ढोलकीचा तोडा संपतो, बाई ओळ टाकते, मागचे झीलकरी तिचं टोक उचलून धरतात, तुणतुणं एका सुरात चालूच असतं. पुढची ओळ टाकायच्या आधी बाई क्षणभर थांबते आणि सगळं पब्लिक तिच्या तोंडाकडे बघत राहतं. लावणी चढत जाते आणि शेवटच्या कडव्यात शाहिराची नाममुद्रा येते. म्हणजे मैफल ऐन रंगात आली की पवळाबाईंनी स्वतःच्या तोंडाने बापूरावांचं नाव घ्यायचं. गाणाऱ्या बाईचं नाव यावं अशी जागा त्या रचनेत कुठेच नाही.

पुढे दोघांचं बिनसलं. पवळाबाई वेगळ्या झाल्या आणि ते दिवस पुन्हा दोघांच्याही वाट्याला आले नाहीत. 1932 साली मराठी बोलपट आला, करमणुकीची वाटच बदलली. 1939 साली पवळाबाई गेल्या, 1945 साली बापूराव. अखेर दोघांचीही हलाखीतच झाली. पण बापूरावांच्या लावण्या छापून निघाल्या, 1950 साली त्यांच्या नावाचा चित्रपट आला. पवळाबाईंचा आवाज मात्र मी कधी ऐकलेला नाही.

2002 साली ‘ऐका दाजीबा’ गावोगाव वाजलं. ते वैशाली सामंतचं गाणं, हे पोराटोरांनाही माहीत. शब्द कुणाचे, हे किती जणांना सांगता येईल? कॅसेट आली आणि पारडं असं गळ्याच्या बाजूला झुकलं. पवळाबाईंच्या नशिबी ते नव्हतं.

आजही लावणी महोत्सवात निवेदक मोठ्या आदराने ‘पठ्ठे बापूरावांची लावणी’ अशी घोषणा करतो. बापूरावांचा मान आहेच, तो कुणी काढून घेऊ नये. त्याच दमात ‘हिवरगावच्या पवळाबाईंच्या फडातली’ एवढंही त्याने म्हणावं. संगमनेरच्या स्टेजवर तरी म्हणावंच.