घरचं जातिवंत कुत्रं चावलं तर?

"डॉक्टर, कुत्रं घरचंच आहे. जातिवंत लॅब्रॅडोर, गावठी नाही." लेकीच्या हातावर दातांचे व्रण, चावून ३ दिवस झालेले. मी विचारलं, "कुत्र्याला रेबीजची लस दिलीय?" वडील गप्प.

आपण धाराशिवकर उस्मानाबादी शेळी घेताना जात बघतो, कारण ती बहुधा जुळी करडं देते. कुत्र्याच्या जातीवरूनही आकाराचा, स्वभावाचा अंदाज येतो. म्हणून लोक जातिवंत पिल्लू घेतात. पण रेबीज जात बघत नाही. संरक्षण लसीचं असतं.

कुठलंही कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद-चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा; उशीर झाला असेल तरी जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

त्या मुलीची लस मी लगेच सुरू केली.