डेंकाली, व्हाया बोरीबंदर

डेंकालीला गेलायत कधी? गुगल मॅपवर शोधू नका, उगाच डेटा जाईल. तिथे जायला व्हिसा लागत नाही, एअरपोर्टवर तीन तास आधी पोचावं लागत नाही आणि बॉसला मस्का मारून लीव्हही काढावी लागत नाही. मी गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी जाऊन आले. गिरगावला मेट्रो पकडली, दुसऱ्या स्टेशनला उतरले, आली डेंकाली.

सांगते.

माझा मामा गिरगावात चाळीत राहतो. म्हणजे, राहायचा. चाळ रिडेव्हलपमेण्टला गेली आणि महिनाअखेरीला खोलीची चावी बिल्डरच्या हातात द्यायची होती. सामानाची बांधाबांध सुरू झाली आणि पोटमाळ्यावरच्या एका पत्र्याच्या ट्रंकेवर गाडी अडली. मामी म्हणाली, "भाड्याच्या जागेत एक तर मी येईन, नाहीतर ही ट्रंक." आईने मला समजूत काढायला पाठवलं. मामा भाचीचं ऐकतो, असा आमच्या घरात एक गोड गैरसमज आहे.

ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्स होती. मराठी. एकशे बारा अंक, त्यातले बहुतेक वेताळाचे. वेताळ म्हणजे फँटम. रद्दीवाला किलोवर न्यायला तयार होता. एका कलेक्टरने व्हॉट्सॲपवर फोटो बघून बऱ्यापैकी आकडा सांगितला होता, पण त्याला फाटके अंक नको होते. आणि मामाचा मुद्दा नेमका फाटक्या अंकाचाच होता. तळातून त्याने एक काढला. शेवटची चार पानं गायब.

"तुझ्या आईचे प्रताप. ७१ साली या पानांत चिंचा बांधून शाळेत घेऊन गेली. वेताळाने मूठ उगारलीय, समोर तो चोर उभाय. पुढे काय झालं, मला अजून माहीत नाही. शेवट कळू दे, मग ट्रंक कुठे न्यायची तिथे न्या."

माणूस सदुसष्टचा आहे, बीपीची गोळी घेतो, नातवाचे ॲडमिशनचे फॉर्म ऑनलाइन भरतो. आणि पन्नासहून जास्त वर्षं त्याची एक मूठ हवेतच आहे! मी हसणार होते. त्याचा चेहरा बघितला आणि मोबाइलवर कव्हरचा फोटो काढून निघाले.

खरं सांगू? माझ्या पिढीसाठी फँटम म्हणजे शाळेबाहेरच्या टपरीवरची ती लाल टोकाची गोड सिगरेट. ती तोंडात धरून स्टाइल मारायची, विषय संपला. पाकिटावरच्या त्या नावामागे एवढा मोठा खानदानी प्रकार आहे, हे मला मामाच्या ट्रंकेने शिकवलं.

सीएसएमटीला वर आलात की समोर 'टाइम्स ऑफ इंडिया'ची जुनी दगडी बिल्डिंग दिसते. तुम्ही तिच्यावरून हजारदा गेला असाल, फास्ट लोकल पकडायच्या नादात मान वर करून बघितलं नसेल. तर या टाइम्सवाल्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिले बत्तीस अंक नुसता फँटम. पुढे 'अमर चित्रकथा' काढणारे अनंत पै सुरुवातीच्या काळात इथेच होते. त्याआधी फँटम 'इलस्ट्रेटेड वीकली'त यायचा, पण तो इंग्रजी वाचणाऱ्या घरांपुरता. इंद्रजालने त्याला हिंदी, मराठी, बंगाली अशा भाषांमध्ये आणलं आणि तो चाळीच्या जिन्यात येऊन बसला.

तो आला, पण जसाच्या तसा आला नाही. गंमत इथेच आहे.

मूळ अमेरिकन गोष्टीत फँटमचं जंगल आशियात कुठेतरी होतं, आणि देशाचं नाव होतं बंगालशी नातं सांगणारं. समुद्री चाच्यांची टोळी 'सिंग' आणि फँटमच्या बापाचा खुनी 'रामा'. हे इथे छापलं असतं तर केवढी बोंबाबोंब झाली असती! मग देशाची झाली डेंकाली, सिंगचे सिंगा, रामाचा रामालू. म्हणजे डेंकाली हा देश अमेरिकेत जन्मलाच नाही. तो आपल्या कॉमिक्सचा. आफ्रिकेत नाही, ॲमेझॉनमध्ये नाही, बोरीबंदरसमोर. म्हणून म्हटलं, मेट्रोने जाता येतं.

आणि नाव? चालतं-बोलतं भूत म्हणून ज्याची ख्याती, त्याला मराठीत वेताळ म्हणायचं हे ज्याच्या कुणाच्या डोक्यात आलं त्याला माझा सलाम. भुतांचा राजा, पंचविशीतला वेताळ, गोव्यात ज्याची देवळं आणि पुण्यात टेकडी, तोच आता घट्ट जांभळ्या कपड्यांत पांढऱ्या घोड्यावर. मामा म्हणतो, "आम्हाला तो फॉरेनचा वाटलाच नाही कधी."

फॉरेनचा तर होताच. ली फॉक नावाच्या पंचविशीतल्या पोराने १७ फेब्रुवारी १९३६ला न्यूजपेपरमध्ये त्याची रोजची पट्टी सुरू केली. सुपरमॅन दोन वर्षांनी आला, बॅटमॅन तीन. अंगाला चिकटलेला सूट आणि बुबुळं न दिसणारा मास्क, ही सगळी सुपरहिरो मंडळींची नंतरची फॅशन आधी याची. आणि याच्याकडे पॉवर काय? काहीच नाही. उडत नाही, भिंतीवर चढत नाही. बाप मेला की मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि तेच कपडे चढवतो. १५३६पासून असे एकवीस झाले. लोकांना वाटतं एकच माणूस आहे, मरतच नाही. थोडक्यात, फॅमिली बिझनेस. (वडिलांचं क्लिनिक किंवा दुकान पुढे चालवायचं प्रेशर असलेल्यांनी हे वाचून एक सुस्कारा टाकायला हरकत नाही.)

त्याचा जांभळा रंगही ठरवून आलेला नाही. फॉकच्या मनात तो करडा होता. १९३९मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि छापून आला जांभळा. स्वीडनमध्ये तो निळा झाला, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात तर वाघी लोकांनी १९८०च्या दशकात लढाईच्या ढालींवर त्याला रंगवला. न मरणारा माणूस ढालीवर असलेला बरा. हा मला सगळ्यात सही उपयोग वाटला.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती गिळून टाकण्यात अर्थ नाही. जंगलात काळी माणसं, त्यांच्यात सिंहासनावर एक गोरा, आणि सगळे त्याचं ऐकतात. हे आज वाचताना कसंतरीच होतं. मामाला विचारलं तर म्हणाला, "अगं, आम्हाला तो जांभळा दिसायचा." फॉकलाही बहुधा काळाची हवा लागली असावी. जंगल हळूहळू आशियातून आफ्रिकेत सरकलं, १९६०च्या दशकात देशाला लामांडा लुआगा हा निवडून आलेला काळा प्रेसिडेण्ट मिळाला, आणि डायना नुसती वाचवली जाणारी हिरॉइन न राहता युनोत नोकरी करायला लागली. लग्न व्हायला मात्र १९७७ उजाडलं. एक्केचाळीस वर्षांचं कोर्टिंग! आपल्याकडे दोन वर्षं झाली की मावश्या विचारायला लागतात.

पडद्यावर त्याचं नशीब कधीच फळफळलं नाही. १९४३मध्ये टॉम टायलरची पंधरा भागांची सिरीयल आली, ती त्यातल्या त्यात बरी. १९८६मध्ये 'डिफेण्डर्स ऑफ द अर्थ' या कार्टूनमध्ये फ्लॅश गॉर्डन आणि मॅण्ड्रेकबरोबर, १९९४मध्ये 'फँटम २०४०'मध्ये भविष्यातल्या शहरात. १९९६मध्ये बिली झेनला घेऊन मोठा सिनेमा केला, काही भाग थायलंडला शूट केला, आणि तो पडला. मी तो लॅपटॉपवर बघितला. टाइमपास आहे, पण काहीतरी चुकतं. पडद्यावर तो नुसता व्यायाम केलेला देखणा माणूस दिसतो. कागदावर तो अर्धा अंधारात असतो, उरलेला आपण भरतो. फॉक १९९९मध्ये गेला, त्रेसष्ट वर्षं लिहून. पट्टी त्याच्यानंतरही चालू राहिली. इंद्रजाल मात्र १९९०मध्येच बंद पडलं.

स्टेशनच्या फाटकाच्या खांबांवर दोन दगडी जनावरं आहेत. एकावर सिंह, एकावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. मी थबकलेच. वेताळाच्या ईडन बेटावर वाघ आणि सिंह असेच शेजारी-शेजारी राहतात, मासे खातात, हरणाला हात लावत नाहीत. जगात कुठल्या जंगलात बघायला मिळेल हे? इथे मिळतं, रोज, आणि त्यांच्यामधून लाखो माणसं डबे घेऊन ऑफिसला जातात.

मग डी. एन. रोडच्या कमानींखालून चालत फ्लोरा फाउंटन. फुटपाथवर पुस्तकवाले आता पूर्वीएवढे नाहीत. तिसऱ्याने फोटो बघितला, चष्मा वर केला. "मराठी विसरा मॅडम. मराठीवाल्यांनी वाचून वाचून चिंध्या केल्या. इंग्लिश चालेल?" चालेल म्हटलं. त्याने फोन लावला, मी दोन कटिंग प्यायले, आणि एक पोरगा प्लास्टिकच्या पिशवीतून तोच अंक घेऊन आला. सहाशे म्हणाला, साडेचारशेला दिला. सगळी पानं होती.

तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मामाला फोन लावला. "मिळाला. वाचू?"

पलीकडे पॅकिंग टेपचा आवाज थांबला. "वाच."

मी इंग्लिशवरून मराठी करत वाचायला लागले. पहिल्याच चित्रावर त्याने अडवलं.

"थांब, थांब. 'मी तुला सोडणार नाही' असं वेताळ म्हणत नाही."

"मामा, इथे तसंच लिहिलंय."

"लिहिलं असेल. आपला वेताळ आधी मारतो, मग बोलतो. पुढचं सांग. जबड्यावर कवटीचा ठसा उमटला का?"

"उमटला."

"कुठल्या बाजूला?"

मी पान उन्हात धरून नीट बघितलं. चित्रात चोर उताणा पडला होता, टोपी हवेत. "डाव्या."

"हं." मग बराच वेळ काहीच नाही. मागून मामीचा आवाज आला, ट्रंकेला कुलूप कुठलं लावायचं विचारत होती. मामा म्हणाला, "आता ही चार पानं परत वाच. सावकाश. आणि तुझ्या आईला कॉन्फरन्सवर घे."