घट कोण लिहिणार?

'पिच डेक' हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला क्रिकेटचे मैदान आणि जहाज एकदमच आठवले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे न कळलेल्या शब्दाला मान डोलावण्याची विद्या मी अकरावीतच हस्तगत केली होती. तशीच ती एका वर्गमित्राच्या थोरल्या भावापुढे डोलावली. हे दादा नाशिकला संगणकाचे काम करतात. त्यांना कांद्यावर एक क्रिप्टो टोकन काढायचे होते. चाळीत एक किलो उन्हाळ कांदा, तर ब्लॉकचेनवर एक टोकन. पैसे घालणाऱ्यांपुढे मांडायची चौदा पानांची सचित्र पोथी म्हणजे पिच डेक. ती पुण्याच्या गुंतवणूकदारांना इंग्रजीत आणि निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्यांना मराठीत दाखवायची होती. मराठी प्रत माझ्याकडे आली. मोबदला दोन हजार रुपये, शिवाय 'आमची माणसे' या पानावर माझा फोटो आणि खाली 'ग्रामीण समन्वयक'.

माझे वडील लासलगावच्या बाजार समितीत हमाल आहेत. आमच्या आडनावाखाली आजवर कोणी हुद्दा छापलेला नाही. तेव्हा दोन हजारांपेक्षा त्या फोटोनेच माझी झोप उडवली, हे प्राध्यापक मंडळींपासून लपवीत नाही.

डेकची पाने बहुधा ठरलेली असतात: अडचण काय, तोडगा काय, बाजारपेठ केवढी, टोकनांची वाटणी कशी, पुढची वाटचाल, आणि शेवटी किती पैसे हवेत. अडचणीचे पान मी एका बैठकीत लिहिले. कांदा एप्रिलमध्ये निघतो, भाव नसतो, म्हणून चाळीत भरायचा आणि पावसाळ्यात भाव चढेल म्हणून वाट पाहायची. तोवर मुलांच्या फिया आणि सोसायटीचे कर्ज कशाने भागवायचे? टोकन विकून पैसा आधीच हाती यावा, ही दादांची कल्पना मला आजही पटते. वाटणीचे पानही शहाणपणाचे होते. संस्थापकांची टोकने वर्षभर बंद आणि नंतर हप्त्याहप्त्याने मोकळी, म्हणजे कोणी पहिल्याच दिवशी विकून पसार होऊ नये.

नमुन्यादाखल दादांनी दोन जुनी टिपणे वाचायला दिली. बिटकॉइनचे २००८ सालचे टिपण जेमतेम नऊ पानांचे. त्यात नफ्याचे आश्वासन नाही आणि फोटो तर नाहीच. सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणारा खरा कोण, हे आजही सिद्ध झालेले नाही. दुसरे इथेरियमचे. विटालिक ब्युटेरिनने २०१३ च्या अखेरीस ते लिहिले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्यावर सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर जमले. मीही एकोणीसचाच! पण त्या आठवड्यात माझ्या खिशात बसचा पास तेवढा होता.

कायद्याचे पान रुक्ष, पण टाळता येईना. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केले, आणि २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आला. तोटा मात्र दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. मामांनी हे ऐकले आणि विचारले, "म्हणजे ते दरमहा १० टक्केवालं नव्हे ना?" २०१८ साली पुणे पोलिसांनी तपासलेले गेनबिटकॉइनचे प्रकरण त्यांच्या लक्षात होते. तसले आमिष आमच्या डेकमध्ये नव्हते, हे मी त्यांना छातीठोकपणे सांगू शकलो.

अडले ते तोडग्याच्या पानावर. 'प्रत्येक टोकनामागे एक किलो कांदा कायम उभा' असे मी लिहिले होते. इंग्रजीत ते भारदस्त वाटत होते. रात्री वडिलांना वाचून दाखवले. ते जेवता जेवता थांबले.

"एक किलो कधीचा? भरतानाचा का काढतानाचा?"

मी गप्प.

"चाळीतला कांदा बसून राहतो व्हय? पाणी उडतं, मोड येतात, काजळी धरते, खालचा थर सडतो. वाईट साली तिसरा हिस्सा जातो. ती घट कोण लिहिणार?"

ब्लॉकचेनचा मोठेपणा असा, की एकदा केलेली नोंद मागाहून कोणाला गुपचूप बदलता येत नाही. पण नोंद करणारा हात माणसाचाच, आणि यंत्राला काही कांद्याचा वास येत नाही. एप्रिलमध्ये शंभर किलो लिहिले की ऑगस्टमध्ये चाळीखालून पाणी गळत असले तरी साखळी शंभरच म्हणणार. संगणकवाल्यांच्या जगात या दुखण्याला 'ओरॅकलचा प्रश्न' असे नाव आहे, हे मला नंतर कळले. आमच्या मार्केटात त्याला घट म्हणतात.

मी घटीचे एक स्वतंत्र पान केले: दर महिन्याला चाळ कोण तपासणार, मापारी कोणाचा, कमी भरलेले किलो कोणाच्या टोकनातून जाणार. दादांनी ते शांतपणे वाचले. "बरोबर आहे रे, पण हे पाचव्या पानावर आलं तर पुढची नऊ कोण बघणार? शेवटी परिशिष्टात टाकू."

"दादा, मामांच्या गावची माणसं माझा फोटो बघून पैसे घालतील. ती परिशिष्टापर्यंत जाणार नाहीत. पान पुढे घ्या, नाहीतर फोटो काढा."

हे मी कसे बोललो कोण जाणे. माझा आवाज चिरकला होता. ते चिडले नाहीत. इंग्रजी प्रतीत घट अजून परिशिष्टातच आहे. मराठी प्रतीत ती पाचव्या पानावर आहे, फक्त आकड्याच्या जागी रेघ मारलेली आहे. वडील म्हणतात, आकडा चाळीवर असतो, सालावर असतो, पावसावर असतो. मामांनी पन्नास किलोच्या दहा गोण्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. दादा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काटा घेऊन येणार आहेत. फोटोचे पान तूर्त रिकामे आहे.